बाईंच्या दुखण्याची वही

त्या उशीवर मी बसले. एवढाच गुन्हा.

मळमड्डी वस्तीतल्या एका घरात मी भांडी-फरशी करायची. मधे भोक असलेली ती गोल उशी बाईंची. बाईंना ओटीपोटात, पार खाली, वर्षानुवर्षं दुखायचं. साध्या खुर्चीवर बसवायचं नाही. मलाही तेच दुखणं. धाकटी लेक झाल्यापासून, नऊ वर्षं. भांडी घासायला उकिडवी बसले की डोळ्यांपुढं अंधारी यायची. त्या दिवशी बाई अंघोळीला गेल्या आणि मी टेकले. आई गं, काय बरं वाटलं.

बाईंनी बाहेर येऊन बघितलं. ओरडल्या नाहीत. खोळ काढायला लावली आणि कढत पाण्यात दोनदा धुवायला लावली. आम्ही हुबळीचे बौद्ध, हे त्यांना ठाऊक होतं. माझा विटाळ मीच धुतला, माझ्याच हातानं.

हुबळीच्या सरकारी दवाखान्यात मी चारदा गेले होते. डॉक्टर पोटावर हात ठेवला न ठेवला करून म्हणायचे, "एनू इल्ला." काही नाही म्हणे. चौथ्यांदा तर विचारलं, नवऱ्याशी भांडण आहे का. शिकाऊ डॉक्टर हसले.

बाईंना बंगलोरला नेलं. तिथं माकडहाडाच्या वर, मज्जातंतूजवळ एक बारीक तार घातली. तारेचं दुसरं टोक कमरेला बांधलेल्या डबीत. डबीतून हलका करंट जायचा, मुंग्या आल्यागत, आणि दुखणं दबायचं. दहा दिवस घरी राहून बघायचं. रोज सकाळ-संध्याकाळ दुखण्याला दहापैकी आकडा द्यायचा, वहीत लिहायचा. दुखणं निम्म्यावर आलं तर डबी कायमची कातडीखाली बसवणार. नाही तर तार काढून टाकणार.

वही मी लिहायची. नववी पास, अक्षर चांगलं. बाईंच्या यजमानांना असलं बायकी दुखणं लिहायची लाज वाटायची. बाई पडून सांगायच्या, मी उभ्यानं लिहायची.

पहिल्या दिवशी आठ. तिसऱ्या दिवशी पाच. पाचव्या दिवशी बाई साध्या खुर्चीवर बसून अख्खं जेवल्या. मी जळत होते, खोटं कशाला सांगू. डबीपेक्षा मला त्या वहीचा हेवा वाटायचा. तिच्यासाठी बाईंना रोज दोनदा विचारलं जायचं, किती दुखतंय. मला नऊ वर्षांत कुणी एकदासुद्धा विचारलं नव्हतं. घरच्यांनीही नाही.

सहाव्या दिवशी बाई म्हणाल्या, "तीन लिही." मी आठ लिहिलं. सातव्या दिवशी दोन म्हणाल्या. मी नऊ लिहिलं. निघू दे ती तार, असं मनात होतं.

आठव्या दिवशी वही उघडली आणि तिथंच थांबले. ते आठ, ते नऊ माझे होते. माझं खरं दुखणं, आणि वर नाव बाईंचं. यांचं खरकटं काढलं, विटाळ धुतला, आता दुखणंही यांच्याच नावावर चढवून बसले होते. आणि यांची तार काढली म्हणून ती मला थोडीच मिळणार होती?

आकडे खोडले. खरे लिहिले. बाईंना सगळं सांगितलं. खोटं लिहिलं होतं तेही, का लिहिलं तेही, मलाही हेच आहे तेही.

बाई शांतपणे म्हणाल्या, "अगं, तुम्हा लोकांना सोसायची सवय असते. आम्हाला नाही जमत."

रागानं नाही, समजावल्यासारखं. तेच जास्त लागलं.

मी पेन वहीवर ठेवलं. "सवय नाही, बाई. कुणी विचारलं नाही. आता तुमचा आकडा तुम्ही लिहा." आणि काम सोडलं.

बाईंची डबी बसली. सुभाष रोडवर कधी रिक्षात ताठ बसलेल्या दिसतात. हेवा वाटतो. अजून वाटतो.

त्याच रस्त्यावर मी एक वही घेतली. पहिल्या पानावर माझं नाव, आडनावासकट. रोज दोनदा आकडा. तीन महिने भरल्यावर पाचव्यांदा हुबळीला गेले. तेच डॉक्टर. "खाली बस," म्हणाले. मी कन्नडमध्ये सांगितलं, बसता येत नाही म्हणूनच आलेय, हे वाचा आणि माझ्या कागदावर लिहा. मागं रांग कुरकुरत होती. कुरकुरू दे म्हटलं. शेवटी त्यांनी एक ओळ लिहिली, ओटीपोटात जुनं दुखणं.

दुखणं आहे तिथंच आहे. तार मला मिळाली नाही. दर महिन्याला जाते, वही त्यांच्या टेबलावर ठेवते आणि उभी राहते. आज आठ आहे. आठ लिहून घेतल्याशिवाय मी तिथून हलणार नाही.