जोडीनेबाई

बाई पेशंटशी बोलायच्या ते रस्त्यावर ऐकू जायचं. आणि बोलणं कसलं, तर ज्या रोगाचं नाव निघालं तरी आमच्या ठाकूरद्वारच्या घरात खिडकी लावून घेत, त्याचं! चिंचपोकळीच्या त्या दवाखान्यात मी केसपेपर लिहायला लागले तेव्हा पहिले आठ दिवस माझे कान तापलेले होते.

बाई मालवणकडच्या नर्स. गरमीचा, म्हणजे सिफिलिसचा, रोगी एकटा आला की त्यांचा पहिला प्रश्न, "बायल खंय तुझी?" तो खाली बघे. "पूजेला जोडीने बसतोस ना? मग सुईलाही जोडीने ये. नाहीतर तू बरा होशील, ती तुला परत देईल, मग तू तिला. घाला फुगडी जन्मभर!" असं सांगून सांगून गिरणगावात त्यांचं नावच जोडीनेबाई पडलं.

भिंतीवर 'गुप्तरोगावर रामबाण' अशी जाहिरात दिसली की त्या भर रस्त्यात ती ओरबाडून काढत. "गुप्त ठेवतात म्हणूनच वाढतो मेला!" बाप्यांना रबरी पिशवी अंगठ्यावर चढवून दाखवत आणि बजावत, "जखम आपोआप मिटते, रोग मिटत नाही. तो रक्तात बसून राहतो." मी पदर तोंडाला लावून हसायची. फार शहाणी समजत होते स्वतःला.

मग एक दिवस मान खाली घालून मी "नाव?" विचारलं आणि समोरून उत्तरच आलं नाही. वर बघते तर माझा दादा! संयुक्त महाराष्ट्राचे दिवस होते. मोर्चात छाती पुढे काढून घोषणा देणारा दादा माझ्या टेबलापुढे भिजल्या मांजरासारखा उभा. "तूच सांभाळून घे गं," एवढंच पुटपुटला. मी भलतंच नाव लिहिलं. घरी वहिनी पाचव्या महिन्यात होती. आधीची दोन मुलं पोटातच गेली होती.

बाईंनी त्यालाही तेच विचारलं. त्याने ठोकून दिलं, "बायको माहेरी अडकलीय, बंद चाललेत ना." "पोटुशी आहे?" दादाने मान डोलावली. बाई उठून माझ्याकडे आल्या. "ह्याचा पत्ता नीट लिही गो. ती माहेरून आली की मी स्वतः जाईन. तिला आता सुया मिळाल्या तर पोर वाचेल." मी सुवाच्य अक्षरात कॉटन ग्रीनची एक चाळ लिहिली. खोली नंबरसुद्धा लिहिला. घराण्याची अब्रू वाचवत होते ना मी!

दादाच्या सुया पुऱ्या झाल्या. वहिनीच्या तळहातांवर पुरळ उठलं, तेव्हा आई म्हणाली, "अंगात गरमी झालीय पोरीच्या." आणि तिला रोज सब्जा नि गुलकंद द्यायला लागली. आईला तो शब्द उन्हाळ्याचाच ठाऊक. मला दोन्ही अर्थ ठाऊक होते, आणि सब्जा मीच भिजत घालत होते.

एका बंदच्या दिवशी ट्राम नाही, बस नाही, तरी बाई चालत कॉटन ग्रीनला गेल्या. दुसऱ्या दिवशी पाय चोळत मला म्हणाल्या, "तीन चाळी पालथ्या घातल्या गो. सापडली नाही. परत जाईन." त्या परत गेल्याही. तेव्हा तरी बोलायला हवं होतं. माझी जीभ का झडली होती, देव जाणे.

सातव्या महिन्यात वहिनीला मेलेलं मूल झालं. मुलगी होती. त्या दिवशी मात्र मी बाईंपुढे सगळं ओकून टाकलं. त्यांनी हातातलं काम ठेवलं आणि तशाच माझ्याबरोबर ठाकूरद्वारला आल्या.

वहिनीच्या उशाशी बसून त्यांनी तिला सरळ सांगितलं: रोग नवऱ्याकडून आला, तिच्यातून बाळाला गेला, दोघांनी सुया घेतल्या तर पुढचं मूल धडधाकट होईल. वहिनी कोपरावर टेकून अर्धी उठली. मग म्हणाली, "म्हणजे माझ्या कुशीत खोट नव्हती?"

"नव्हती गो बाय."

तिने माझ्याकडे पाहिलं. "वन्सं, तुम्हाला ठाऊक होतं?"

बाई उठल्या. मी त्यांना पोचवायला जिन्यापर्यंत गेले. मला वाटलं, आता चार माणसांत माझा उद्धार करतील. केला असता तर बरं झालं असतं. कठड्याला धरून त्या एक पायरी उतरल्या आणि थांबल्या.

"दुसऱ्या कुणी लिहिलेला असता तर पहिल्याच दिवशी म्हटलं असतं, पत्ता खोटा आहे," त्या म्हणाल्या. "तुझ्या हातचा होता, म्हणून शोधत राहिले."