रेघेच्या टोकाची तीन बोटे

अर्जदार : मी स्वतः, वय पन्नाशीच्या पुढे, शिक्षण नववीपर्यंत, व्यवसाय अर्जलेखन, राहणार कांजूरमार्ग पूर्व, बैठी चाळ.

सामनेवाले : निश्चित सांगता येत नाही. कदाचित मीच.

घटनेच्या तारखा : दोन. पहिली, ज्या रविवारी मी रेघा ओढल्या. दुसरी, ज्या मंगळवारी त्या रेघांचा अर्थ मला समजला. दोहोंच्या दरम्यान एक गणपती आणि एक दिवाळी होऊन गेली.

साक्षीदार : आमच्या रहिवासी समितीचे सेक्रेटरी, कॉम्प्युटर कंपनीतील एक मुलगी, आणि आमच्याच रांगेत राहणारी एक बाई, जिच्यासाठी हे सर्व लिहीत आहे.

नावे देत नाही. सत्तावीस वर्षे मुलुंडला कचेरीबाहेर टेबल मांडून मी लोकांची नावे लिहिली आहेत, आणि नाव एकदा कागदावर गेले की ते कोठवर जाईल याचा भरवसा लिहिणाऱ्याला नसतो, हे मला आता पुरते कळले आहे.

आमची चाळ पाडून तेथे इमारत व्हायची आहे. त्यासाठी कोण कोणत्या खोलीत राहतो, कोणाजवळ कोणते कागद आहेत, हे सर्व कॉम्प्युटरमध्ये भरण्याचे समितीने ठरविले आणि एका लहानशा कंपनीला काम दिले. कंपनीतर्फे एक मुलगी आली. गणपतीच्या मंडळाच्या खोलीत तिने एक मोठा कागद पसरला. त्यावर चौकटी होत्या, चौकटीत इंग्रजी शब्दांच्या उतरंडी होत्या, आणि चौकटीपासून चौकटीपर्यंत रेघा धावत होत्या.

सेक्रेटरी कागदावर वाकून म्हणाले, "हे काय गं? फिल्डिंग लावलीयस काय?"

"सर, ही तुमची चाळ आहे," ती म्हणाली. "ह्या चौकटीत खोल्या, ह्या चौकटीत कुटुंबं, ह्याच्यात माणसं, ह्याच्यात कागदपत्रं. कोण कोणाशी जोडलेलं आहे ते रेघ सांगते. आधी हे चित्र नक्की झालं की मग आत माहिती भरायची. चित्र चुकलं तर सगळंच चुकलं."

"इंग्रजीवर आमचे मेंबर सही करत नाहीत. मराठीत पाहिजे, आणि हाताने लिहिलेलं पाहिजे. हे आपले अर्जवाले बसलेत ना, ते करतील."

मुलीने माझ्याकडे वळून सांगितले, "काका, जसं आहे तसंच काढा हं. फक्त शब्द मराठी करा."

मी तिला म्हणालो, "मुली, माझ्या हातचा कागद आजवर कचेरीतून परत आलेला नाही." हे पूर्ण खरे नव्हते. उमेदवारीच्या काळात एकदा परत आला होता, एका अक्षरावर दुसऱ्यांदा लेखणी फिरविल्यामुळे. तेव्हापासून माझ्या कागदावर अनावश्यक काडीसुद्धा नसते.

चित्राबरोबर एक वहीही करायची होती. प्रत्येक चौकटीतील प्रत्येक रकान्याचा अर्थ काय, तो कोणी भरायचा, रिकामा राहिल्यास चालेल की नाही, हे त्यात लिहायचे. ते काम मला मनापासून आवडले. मुलीने माणसाच्या चौकटीत 'स्थिती' असा रकाना ठेवून हयात आणि मयत असे दोनच पर्याय दिले होते. मेंबरांनी भांडून तिसरा घालायला लावला : 'गावी'. या पर्यायाचा अर्थ मी अर्धे पान लिहिला. जो मनुष्य येथे नाही, परंतु त्याची चादर, त्याची खाट आणि त्याचा हक्क येथे आहे, त्यास गावी समजावे. मुलगी ते वाचून म्हणाली, "काका, असं डॉक्युमेंटेशन आमच्या ऑफिसात कोणी लिहीत नाही." ते वाक्य मी बरेच दिवस मनात घोळवीत होतो.

चित्र मात्र मला कळत नव्हते. रविवारी दुपारी फरशीवर अर्जाचा मोठा, जाड लेजर पेपर अंथरून मी बसलो. वारा कचऱ्याच्या डम्पिंगकडून होता म्हणून खिडकी लावलेली. प्रथम मी चित्रात स्वतःला शोधले. माणसांच्या चौकटीत खोली हा रकानाच नव्हता. मग मी राहतो कोठे? माझ्या नावापुढे केवळ कुटुंबाचा क्रमांक. त्या क्रमांकाचे बोट धरून कुटुंबांच्या चौकटीत गेलो, तर तेथे खोलीचा क्रमांक. तो धरून तिसऱ्या चौकटीत गेलो, तेव्हा कोठे माझे दार आले. ज्या घरात माझा जन्म झाला, तेथे पोहोचण्यास मला दोन चौकटी ओलांडाव्या लागल्या. हे योग्य की अयोग्य, याचा निर्णय मला करता आला नाही.

दुसरा घोटाळा रेघांच्या टोकांचा. काही टोकांशी एकच आडवी काडी होती आणि काही टोकांशी रेघ तीन बोटांत फाकली होती, चिखलात उमटलेल्या पक्ष्याच्या पावलासारखी. मी पुष्कळ विचार केला. बाणाला मागे पिसे असतात तशी ही नक्षी असावी, असे माझे मत झाले. अर्जात नक्षी चालत नाही.

बायको तांदूळ निवडीत होती. ती म्हणाली, "अहो, अडलंय तर त्या मुलीला फोन लावा ना. काय होतंय एक फोन करायला?"

विचारावे असे माझ्याही मनात आले होते. परंतु ज्याच्याकडे लोक विचारण्यास येतात, त्याने पोरवयाच्या मुलीस विचारणे मला बरे वाटले नाही. मी सर्व बोटे गाळली. चौकटीपासून चौकटीपर्यंत सरळ, एकसारख्या, काळ्या रेघा पट्टीने ओढल्या. कागद इतका सुबक झाला की सेक्रेटरींनी तो मंडळाच्या खोलीत भिंतीवर लावला. सर्व मेंबरांनी सह्या केल्या, दोघांनी अंगठे उठविले, आणि तळाशी 'लिहिणार' म्हणून मी माझी सही ठोकली.

पुढे त्या मुलीने नोकरी बदलली. कंपनीने दुसऱ्या माणसाकडे काम दिले. सहीचा कागद हाच अंतिम, असे समितीने त्याला कळविले होते, म्हणून तो माझ्या कागदाच्या फोटोवरून काम करू लागला. एके दिवशी त्याचा सेक्रेटरींना फोन आला, तेव्हा मी शेजारीच बसलो होतो. सेक्रेटरींनी फोनवर हात ठेवून मला विचारले, "एका खोलीला एकच कुटुंब ना, हो?"

मी भिंतीकडे पाहिले. खोलीपासून कुटुंबाकडे एक रेघ जात होती. मी म्हणालो, "रेघ एकच आहे. म्हणजे एकच."

आमच्या रांगेत, माझ्यापासून सहा दारे सोडून, एका खोलीत प्लायवूडच्या पडदीच्या दोन बाजूंना दोन कुटुंबे राहतात, हे मला ठाऊक होते. मला ठाऊक होते, कारण त्या घराचे रेशनकार्ड विभक्त करण्याचा अर्ज मीच लिहिला होता. तरीही मी 'एकच' म्हणालो. त्या क्षणी मी चाळीकडे पाहत नव्हतो, कागदाकडे पाहत होतो. याहून अधिक खुलासा मला आजही करता येत नाही.

यादी लागली. ज्यांची नावे यादीत, त्यांना इमारत होईपर्यंत राहण्यास दुसरी जागा आणि नंतर नवे घर. ज्यांची नाहीत, त्यांना काही नाही.

दुसऱ्याच दिवशी ती बाई मुलुंडला माझ्या टेबलापाशी आली. घाटकोपरच्या एका प्रसूतिगृहात ती आया आहे. रात्रपाळी करून परस्पर आली होती. नवरा वारला आहे, मुलगी बारावीला आहे. पडदीच्या एका बाजूस या दोघी, दुसऱ्या बाजूस दिराचे बिऱ्हाड. तिने यादीची झेरॉक्स माझ्यापुढे ठेवली.

"दादा, मी कुठं गेले ह्याच्यात?"

मी यादी वरून खाली आणि खालून वर वाचली. त्या खोलीपुढे दिराचे कुटुंब होते. ही नव्हती.

"दिराच्या खाली असशील," मी म्हणालो.

"त्यांच्या कार्डावर मी नाही. तुम्हीच तर वेगळं करून दिलंत. आता कार्ड वेगळं म्हणून त्यांच्यात नाही, न् खोली त्यांची झाली म्हणून माझ्या नावावर खोली नाही. मग अठरा वर्षं मी राहते कुठं? वाऱ्यावर?"

"छपाईची चूक असेल. मी अर्ज देतो."

"अर्ज द्या. पण दादा, पुढच्या महिन्यात यादी बंद होणार म्हणतात. पोरीची परीक्षा आहे. तिला काय सांगू, पुस्तकं कुठं मांड?"

मी अर्ज दिला. सेक्रेटरींनी तो वाचला आणि लॅपटॉप माझ्याकडे फिरविला. "हे बघा. तिचं कुटुंब टाकतो, खोलीचा नंबर टाकतो, लाल अक्षरं येतात. ही खोली आधीच दिलेली आहे म्हणतं. मी काय करू? मशीन घेतच नाही."

"मशीनला सांगा की चूक आहे."

"मशीनला काय सांगू? तुमच्याच कागदाप्रमाणे केलंय ना सगळं! खाली सही कोणाची आहे बघा जाऊन."

मी भिंतीवरील कागद उतरविला, गुंडाळी केली आणि मंगळवारी अंधेरीला त्या मुलीच्या नव्या कचेरीपाशी गेलो. आत सोडीनात. ती खाली आली. चहाच्या टपरीच्या बाकावर आम्ही कागद उघडला आणि चार कोपऱ्यांवर चार ग्लास ठेवले.

तिने एका रेघेवरून बोट फिरविले आणि म्हणाली, "काका, पाय कुठे गेले?"

"कोणाचे?"

"रेघांचे! कावळ्याचे पाय म्हणतात त्यांना. तीन बोटं म्हणजे अनेक, एक काडी म्हणजे एक. खोलीकडे एक काडी, कुटुंबाकडे तीन बोटं. म्हणजे एका खोलीत अनेक कुटुंबं राहू शकतात. मी मुद्दाम काढलं होतं तसं, पडदीवाल्या खोल्या बघूनच. तुम्ही सगळे पाय तोडलेत?"

"मला ती नक्षी वाटली."

ती हसली. मग माझ्या तोंडाकडे पाहून थांबली.

मी तिला बाईची हकीकत सांगितली आणि एक शंका विचारली, जी अद्याप माझा पिच्छा सोडत नाही. "कुटुंब आणि माणसे यांच्यामधलीही बोटे मी गाळली आहेत. मग माझ्या कागदाप्रमाणे एका कुटुंबात एकच माणूस असायला हवा. तसे कसे झाले नाही?"

"ते कोणालाही कळतं ना, काका. कुटुंबात चार माणसं असणारच. त्यानं ते आपलं आपण दुरुस्त केलं असेल. खोलीचं त्याला कळायचं कारण नाही. त्यानं तुमची चाळ बघितलीच नाहीये."

म्हणजे माझ्या एका चुकीला सर्वांनी न बोलता चूक मानले आणि दुसरीला नियम मानला. दोन्ही रेघा माझ्याच, एकाच दुपारच्या, एकाच शाईच्या. हे ऐकल्यापासून मी गोंधळलो आहे. अपराध रेघ ओढणाऱ्याचा, सही करणाऱ्यांचा, की फोनवर विचारून घेतले म्हणून निर्धास्त झालेल्याचा? अर्जात सामनेवाला लिहिल्याशिवाय अर्ज दाखल होत नाही, आणि मला सामनेवाला ठरविता येत नाही.

मुलीने सांगितले की तो नियम काढण्यास फार वेळ लागत नाही. कंपनीला नवा सहीचा कागद दाखवा. तो कागद मी त्याच आठवड्यात काढला. या खेपेस प्रत्येक बोट तिला फोन करून विचारून काढले. एकूण सात फोन झाले. वहीतही नवीन पान लिहिले : खोली म्हणजे केवळ दार नव्हे, आत जितक्या चुली तितकी कुटुंबे.

मग सह्यांसाठी दारोदार हिंडलो. लोक विचारीत, "आता हे कसले पाय?" मी प्रत्येकाला समजावून सांगितले. काहींना समजले, काहींनी मला समजले असेल असे समजून सही केली. बाईच्या दिराने केली नाही.

"वहिनीचं वेगळं काय असतं?" तो म्हणाला. "घर एक आहे. आम्ही तिला टाकणार आहोत का?"

पडदीपलीकडून बाईचा आवाज आला, "घर एक आहे तर अठरा वर्षं मधे हे फळकूट कशाला उभं केलंत, भावजी?"

तरी त्याने सही केली नाही. सेक्रेटरी म्हणतात, एक सही कमी असली तर जुना कागद कायम. मी त्यांना म्हणालो, जुन्या कागदावरची माझी सही मी परत घेतो. ते म्हणाले, लिहिणाऱ्याची सही धरत नाहीत. मग त्या दिवशी ती का दाखविली होती, असे मी विचारले. त्यांनी लॅपटॉप मिटला.

म्हणून सत्तावीस वर्षांत प्रथमच मी माझ्याविरुद्ध लिहिले. पहिल्या चित्रातील बोटे मी स्वतःच्या मताने, कोणासही न विचारता गाळली. 'एकच' हे उत्तर मी चाळीकडे न पाहता दिले. त्यात सदर बाईचा काहीही दोष नाही. असे निवेदन मी दोन प्रतींत समितीकडे दिले आणि एका प्रतीवर पोच घेतली. यादी बंद होण्यास आजपासून नऊ दिवस आहेत. बाई रोज कामावर जाताना माझ्या दारावरून जाते आणि आता काही विचारीत नाही.

तरी समितीस नम्र विनंती की, सदर बाई आपल्या मुलीसह त्या खोलीत राहते किंवा नाही, एवढ्या एकाच प्रश्नाचे उत्तर यादी बंद होण्यापूर्वी लेखी द्यावे. उत्तर देण्यापूर्वी समितीच्या निदान एका सदस्याने प्रत्यक्ष जाऊन पडदीच्या दोन्ही बाजू पाहाव्यात. 'कॉम्प्युटर घेत नाही' हे उत्तर म्हणून स्वीकारले जाणार नाही.

लिहिणार आणि जबाबदार,
सही