परतीचं कार्ड

पिंपरीपासून चाकणपर्यंत असा एकही रस्ता नव्हता, ज्याची प्रकृती आमच्या मामांना ठाऊक नव्हती. मामा म्हणजे आमच्या कारखान्याच्या वाहतूक खात्यातले कारकून. सगळ्या कंपनीचेच मामा. रजेवरून आलेल्या माणसाला ते आधी रस्त्याची खुशाली विचारत, मग घरच्यांची. माझ्या लग्नात आहेर हातात ठेवून त्यांनी पहिला प्रश्न केला, "वऱ्हाड मोशीवरनं आणलं का देहूवरनं?" मी देहूवरून म्हटल्यावर त्यांचा चेहरा जो पडला, तो जेवणं उरकेपर्यंत काही वर आला नाही.

अशा माणसाची गाठ कॉम्प्युटरशी पडली. बसचे मार्ग यापुढे मशीन ठरवणार, असा हुकूम निघाला. जवळचा रस्ता शोधणारा प्रोग्राम तयारच आला होता. आपण फक्त कार्डावर भोकं पाडून एक गाव, दुसरं गाव आणि मधलं अंतर द्यायचं. ते काम माझ्याकडे आलं. मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. प्रत्येक रस्ता दोनदा लिहा, जाण्याचा आणि येण्याचा, असं पुस्तकात होतं म्हणून नकाशावरचे रस्ते मी मुकाट्यानं दोनदा लिहिले. मामांच्या गावचा रस्ता नकाशातच नव्हता. तो त्यांनी स्वतः लिहून दिला आणि मी तसाच कार्डावर चढवला. त्या गावची वीसएक माणसं अंधारात सायकली हाणत पहिल्या पाळीला येत. त्यांच्यासाठी बस मिळावी, हा मामांचा ध्यास होता.

मशीननं सांगितलं, बस मामांच्या गावी पोचते, पण तिथून पुढं कुठंच रस्ता नाही. साहेबांनी गाव यादीतून खोडलं. चार दिवस आम्ही डोकं खाजवत बसलो. मला प्रोग्रामचा संशय, मामांना रस्त्याचा. रविवारी ते सायकलवरून जाऊन रस्ता जागेवर आहे का, हे पाहून आले. सोमवारी म्हणाले, "हाय. मोरीसकट हाय." शेवटी कार्डं मोजताना कळलं, बाकी सगळ्या रस्त्यांची दोन-दोन होती, मामांच्या रस्त्याचं एकच, जाण्याचं. मी पुस्तक दाखवलं. त्यांनी ते पान बोट ठेवून वाचलं.

"घरला गेलेला माणूस कामावर परत येतोच की," ते म्हणाले. "ते बी लिवून द्यावं लागतं व्हय?"

लिहून दिलं, आणि बस सुरू झाली. मामा रोज पहिल्या खिडकीशी बसून येत आणि उतरले की आमच्या खोलीत डोकावून, परतीचं कार्ड आहे ना, असं विचारत. निवृत्त झाले त्या दिवशीही विचारलं. दुसऱ्या दिवशी बस वेळेवर आली. मी उगाचच फाटकापर्यंत गेलो. गावची सगळी माणसं उतरली. पहिली खिडकी रिकामी होती. मला काय वाटलं कोण जाणे, खोलीत येऊन मी कार्डांची पेटी उघडली आणि ते कार्ड शोधलं. जागेवर होतं.