मंडईच्या नाटकातला काका

आरमोरीजवळच्या एका गावात मी मास्तर म्हणून रुजू झालो, तेव्हा पन्नासचं दशक निम्मं सरलं होतं. नागपूरहून येताना ट्रंकेत एक जाडजूड इंग्रजी कादंबरी आणली होती, इंग्लंडच्या राणीच्या काळातल्या एका लेखकाची. दिवाळीनंतर गावात मंडई, म्हणजे जत्रा भरायची आणि मंडईला नाटक हवंच. येऊन चार महिनेही झाले नसतील, तोच नाटकमंडळानं मला गाठलं. "मास्तर, औंदा नवा खेळ लिवा."

लिहिला म्हणजे त्या कादंबरीतून उचललाच. धुक्यातली हवेली धानाच्या बांधीजवळचं, शेताकाठचं घर झाली आणि तिथला कपटी काका धोतर नेसून आला. मेलेल्या भावाची जमीन हातची जाऊ नये म्हणून हा काका पुतणीला आलेली स्थळं परतवतो. मुलगी आजारी असते, अशी पत्रं गुपचूप पाठवतो. हस्तपत्रिकेवर मात्र 'स्वतंत्र सामाजिक नाटक' असं छापलं आणि खाली माझं नाव.

खेळ रंगला. दुसऱ्या दिवशी तळ्याच्या पाळीवर, शाळेच्या ओट्यावर, सगळीकडे एकच कुजबुज. गावात एक विधुर शेतकरी होता. थोरल्या भावामागं त्यानं त्याची मुलगी वाढवली होती. ती आता बाविशीची, आणि तिला बघून गेलेली दोन स्थळं पुन्हा फिरकली नव्हती. मला यातलं काहीही ठाऊक नव्हतं.

तिसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर तो माणूस दारात उभा राहिला.

"मास्तर, पत्राची गोष्ट तुमाले कोनं सांगतली?"

"कसली पत्रं?"

"सोंग नोका करू. वडशाच्या ठेसनावरच्या बाबूनं सांगतली ना? त्याच्याच हातून लिवून घेतलो होतो मी."

मी चपापलो. म्हणजे पत्रं खरोखर गेली होती! कुणी काही सांगितलं नाही हे पटवायला मी कादंबरी काढून त्याच्या हातात दिली. गोष्ट यातली आहे, म्हणालो. त्यानं चार पानं उलटली.

"हे इंग्रजी. यात माहं नाव लिवलं असन तरी मले का समजते?"

पुस्तक दुपट्ट्यात गुंडाळून तो वडशाला गेला, त्याच बाबूकडून खात्री करून घ्यायला. दोन दिवसांनी परत आणून दिलं.

"बाबू मनते, खरंच आहे. तिथीबी असाच काका आहे." मग माझ्याकडे रोखून बघत म्हणाला, "मंग कागदावर तुमचं नाव काऊन छापलं?"

मी पुस्तक ट्रंकेत टाकलं. माझी चोरी त्याला कळली होती, त्याची मला. निदान मला तसं वाटलं. त्यानंतर तो रस्त्यात भेटला की मी त्याच्या चेहऱ्यावर अपराध शोधायचो, आणि शोधणाऱ्याला तो सापडतोच. मुलगी मळणीच्या खळ्यावर एकटी राबताना दिसली की माझा संशय आणखी पक्का व्हायचा. शेवटी राहवलं नाही. वडशाच्या पत्रांची गोष्ट मी गावच्या चार जाणत्यांच्या कानावर घातली.

त्यांनी त्याला बोलावून बसवलं. फाल्गुनाच्या आत पोरीचं लग्न लाव, नाहीतर तुझ्या घरचं पाणी कुणी पिणार नाही, असं बजावलं. तो मान खाली घालून नुसता 'होय' म्हणाला. मला वाटलं, आपण एका मुलीला सोडवलं.

आठवड्यानं ती मुलगी शाळेत आली. उंबऱ्याबाहेरच थांबली.

"मास्तर, ते पत्रं मीच लिवाले लावली काकाले. मले बापाचं वावर सोडून जाचं नोतं. लगनच नोतं कराचं."

"मग बैठकीत काका बोलला का नाही?"

"बोलला असता तं लोकं मले नावं ठेवले असते. तो मनला, माह्यावर येऊ दे." तिचा आवाज चढला नाही. "आता तुमी सांगान काय त्याइले?"

मी त्याच संध्याकाळी गेलो. जाणते हसले. एक म्हणाला, "परवा त्याले चोर मनत होते, आज साव मनता. तुमचा कोनता शब्द खरा मानाचा, मास्तर? सुपारी फुटली आता."

लग्न झालं, ब्रह्मपुरीकडं दिली. काका स्वतः अक्षता घेऊन मला बोलवायला आला होता. पंगतीत त्यानं मला आग्रहानं भात वाढला. "पोटभर जेवा." त्या दोन शब्दांत मी राग शोधत राहिलो. वऱ्हाडाच्या बैलबंड्या निघाल्यावर तो घरात गेला नाही. सरळ बांधीत जाऊन लाखोरीचं पीक उपटायला बसला.

मंडळानं तो खेळ पुढं आसपासच्या मंडयांत केला. मी नको म्हणालो तरी केला. गावोगावी लोक त्यातल्या काकाला ओळखीचा ठरवत, आणि दुसऱ्या दिवशी कुणाच्या तरी दाराकडे बोट दाखवत. इकडे तो पुतणीचं वावर कसत राहिला. दर साली नवे तांदूळ निघाले की बंडी जुंपायचा आणि तिचा वाटा तिच्या सासरी पोचवून यायचा. कुणी सोबत येतो म्हटलं तर नको म्हणायचा.