तामूचं बोट

सेफ्रू गावाच्या जुन्या गल्लीत कुणाच्या पोराचा घसा सुजला, की त्याला आधी थोरल्या बाईंकडे, लल्ला तामूकडे न्यायचं आणि मग डॉक्टरकडे. बरीचशी पोरं डॉक्टरपर्यंत पोचायचीच नाहीत. तामू उजव्या हाताचं पहिलं बोट गरम पाण्यानं धुवायची, ऑलिव्हच्या तेलात बुडवायची आणि पोराच्या तोंडात घालून आतल्या गाठी खालून वर दाबायची. पोर उमासे काढायचं, भोकाड पसरायचं आणि दुसऱ्या दिवशी हुंदडायला मोकळं. बदल्यात निळ्या कागदात गुंडाळलेला साखरेचा सुळका घरी यायचा. बेचाळीस वर्षं हेच चाललं होतं. त्या बोटाचं नख तिनं कधी वाढू दिलं नाही, आणि त्या बोटाचा तोरा तर विचारूच नका. "डॉक्टरला बघायला दिवा लागतो, मला नाही लागत," हे हमामात आंघोळीला जमलेल्या बायकांना तिनं किती वेळा ऐकवलं असेल त्याची गणती नाही.

आणि अशा बाईच्या स्वतःच्या घरात, तिच्या सुनेचा घसा चार वर्षं दुखत होता.

सून म्हणजे नवाल. गल्लीतल्या निम्म्या बायकांसारखी तीही जेलाब्याच्या, म्हणजे पायघोळ झग्याच्या, रेशमी गुंड्या वळायची, मान खाली घालून, दिवसाला सत्तर-ऐंशी. घशात डाव्या बाजूला माशाचा काटा अडकल्यासारखं तिला वाटे. घास गिळला की कळ कानात जायची, मान वळवली की खांद्यापर्यंत उतरायची. नमाजाच्या शेवटी दोन्ही खांद्यांवरच्या फरिश्त्यांकडे मान वळवून सलाम करतात; उजवीकडचा सलाम ती नीट करायची, पण डावीकडे मान अर्ध्यावरच थांबायची. "डाव्या खांद्यावरच्या फरिश्त्याशी भांडण दिसतंय हिचं," तामू शेजारणींना सांगायची. बायका हसायच्या. नवालही हसायची बिचारी, करते काय?

डॉक्टर झाले सहा. पहिला म्हणाला, गुंड्या वळतेस, मान दुखणारच. दुसऱ्यानं पोटातलं आम्ल वर येतंय म्हणून गोळ्या दिल्या, तिसऱ्यानं नाकातून नळी घालून पाहिलं आणि काही नाही म्हणून परत पाठवलं. दाताच्या डॉक्टरनं तर डावी दाढच उपटली. चांगली धडधाकट दाढ. मध्ये एक दुआ फुंकणारा फकीह झाला, ताईत झाला, मानेला पट्टा झाला. दुखणं जागचं हललं नाही.

आणि तामूला पहिल्यापासून माहीत होतं, हीच तर गोम आहे.

दुखणं सुरू झालं त्या पहिल्याच महिन्यात नवाल तिच्यापुढं बसली होती. "लल्ला, तुमचं बोट लावा, तुमच्या हाताला गुण आहे." तामूनं बोट घातलं. डाव्या गाठीच्या मागं, जिथं सगळं मऊ असायला हवं, तिथं काडीसारखं काहीतरी कडक लागलं. टोकदार, आणि न हलणारं. नवाल किंचाळली. तामूनं बोट झटकन बाहेर काढलं.

तिला हे काम शिकवलं तिच्या सासूनं. ती म्हणायची, मऊ लागेल ते आपलं, कडक लागेल आणि हलणार नाही त्याचं नाव काढायचं नाही. त्या वाईट आजाराचं नाव घेतलं की तो घरात मुक्कामाला येतो, असं आमच्याकडे अजून मानतात. पण खरं सांगायचं तर तामू भ्याली ती दुसऱ्याच कारणानं. पंधरा दिवसांपूर्वीच सर्दीनं सुजलेला नवालचा घसा तिनं एकदा जोर लावून दाबला होता. माझ्याच बोटानं आत काही मोडलं तर नाही ना? गल्लीला कळलं तर? तिनं बोट पुसलं आणि म्हणाली, "काही नाही गं. नजर लागलीय."

एकदा काही नाही म्हटल्यावर मग ते निभवावं लागलं. दुखणं जाईना, म्हणजे तामूचं बोट खोटं पडू लागलं. मग ती खोचून बोलायला लागली. "कणीक मळायची वेळ झाली की बरा हिचा घसा धरतो." मुलाच्या, द्रिसच्या कानावर हे रोज पडलं. तोही हळूहळू तसंच बोलायला लागला. आणि फेस शहरातल्या नव्या डॉक्टरीणबाईंकडे जायच्या आदल्या दिवशी तर म्हणाला, "यम्मा, फेसच्या या बाईनंही काही नाही म्हटलं, तर नवालला तिच्या आईकडे पाठवतो. कायमची राहिली तरी राहू दे. मी थकलो."

त्या रात्रभर तामूचा डोळा लागला नाही. द्रिसला रजा नव्हती, म्हणून सकाळी सुनेबरोबर टॅक्सीत तीच बसली.

फेसच्या डॉक्टर सक्ली तरुण होत्या, बोलायला गोड. त्यांनी सगळे कागद चाळले, नळी घातली, पडद्यावर पाहिलं, मानेवरून हात फिरवला. मग खुर्ची मागं सरकवली. तामूला ते सरकवणं ओळखीचं होतं, सहा ठिकाणी पाहिलेलं.

"घसा स्वच्छ आहे," त्या म्हणाल्या. "कधी कधी मन थकलं की शरीर बोलतं. मी मनोविकारांच्या एका चांगल्या डॉक्टरना चिठ्ठी लिहून देते."

नवाल रडली नाही. रुमाल सारखा करत ती म्हणाली, "लिहा. घरी सगळे म्हणतात मी नाटक करते. आता मलाच तसं वाटायला लागलंय."

ही पोर आता स्वतःवरही विश्वास ठेवत नाही, आणि हे आपण केलं.

"बोट घाल, पोरी," ती डॉक्टरला म्हणाली.

"काय म्हणालात, हज्जा?" डॉक्टरांनी वडीलधाऱ्या बाईला विचारावं तसं अदबीनं विचारलं.

"डावीकडं. गाठीच्या मागं दाब. काडी आहे तिथं."

"तुम्हाला काय माहीत?"

"माझं बोट लागलंय तिला."

डॉक्टर काही बोलायच्या आत नवालनं मान वळवली, जेवढी वळत होती तेवढी. "कधी?"

"चार वर्षं झाली," तामू म्हणाली. "दुखायला लागल्यावर माझ्यापुढं बसली होतीस तेव्हाच."

डॉक्टरांनी हातमोजा चढवला. बोट आत गेलं, थांबलं, दाबलं गेलं. नवाल खुर्चीतून उठलीच. "हेच," ती डॉक्टरांचं मनगट धरून म्हणाली. "हेच ते. हेच." चार वर्षांत पहिल्यांदाच दुखणं बरोबर जागी सापडल्याचा तिला एवढा आनंद झाला की ती तिथं हुंदके देऊन रडली.

कानामागून खाली उतरणारं एक बारीक हाड असतं, डॉक्टरांनी समजावलं. सगळ्यांनाच असतं. हिचं वाजवीपेक्षा लांब वाढलंय, गिळलं की टोचतं. त्याच दिवशी काढलेल्या स्कॅनच्या चित्रात ते दिसलं. डावी गाठ काढून तोंडातूनच ते कापता येईल, म्हणाल्या. "आम्हीही नुसतं बघत बसलो, हात लावून पाहायला हवा होता."

"माझ्या बोटानं झालं का?" तामूनं विचारलं.

"नाही हो, हज्जा. ते आपोआप वाढतं. वाईट आजारही नाही. पण लहान पोरांच्या घशात बोटं घालू नका आता."

म्हणजे ज्या भीतीपायी तोंड शिवून बसलो, त्यातलं काहीच खरं नव्हतं. डॉक्टरांनी दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं तामूला वाटलं.

परतीच्या टॅक्सीत नवाल एकच वाक्य बोलली. "दाढ काढली त्या दिवशी तुम्ही माझा हात धरून बसला होतात."

"हो," तामू म्हणाली.

द्रिसला तिनं स्वतःच सांगितलं, दारातच, बुरखा उतरवायच्या आधी. तो भिंतीला टेकून उभा राहिला. "यम्मा, मी तिला काय काय बोललो," एवढंच म्हणाला आणि आत गेला. त्या दिवसापासून कुणी पोर घेऊन आलं की तामू उंबऱ्यावरूनच सांगे, "डॉक्टरकडं ने." कारण विचारलं तर कारणही सांगे. साखरेचे सुळके यायचे बंद झाले, हमामात बायका कुजबुजल्या. तिनं ते ऐकून घेतलं.

शस्त्रक्रिया झाली. दीड महिन्यानं एका शुक्रवारी दुपारी दोघी नमाजाला बसल्या, तामू डावीकडे. शेवटी नवालनं उजवीकडे सलाम केला, मग मान डावीकडे वळवली. ती पूर्ण वळली. सासूच्या चेहऱ्यापर्यंत आली आणि क्षणभर तिथंच राहिली.

मग चटई गुंडाळत ती म्हणाली, "लल्ला, बोट धुवून या."

तामूनं तीनदा हात धुतले. नवाल आ करून बसली होती. बोट डावी गाठ होती त्या जागी गेलं, मागं सरकलं, खाली, वर. मऊ. सगळं मऊ.

"काही नाही," तामू म्हणाली.

"या वेळी खरं सांगताय ना?"

"खरं."

नवालनं मान डोलावली, ओढणी सारखी केली, कुस्कुसचं पातेलं उतरवायला गेली. आणि सोमवारी एकटीच फेसला जाऊन डॉक्टरांना तेच पुन्हा विचारून आली.