शाळेच्या भिंतीवरचा उंदीर

टर्पेंटाइनचा वास आला की पोलादपूरजवळच्या एका वाडीतली शाळेची भिंत आठवते. पुरानंतर तिथे लेप्टोचा ताप पसरला होता. मुंबईच्या प्रयोगशाळेतल्या एक बाई वीर स्टेशनला उतरून रिक्षाने महाडला माझ्याकडे आल्या. मी चित्रकलेचा शिक्षक. उंदराच्या मुतातून रोग चिखलात जातो आणि पायाच्या जखमेतून अंगात शिरतो, एवढं भिंतीवर दाखवायचं होतं. मी उंदीर काढला. माझा हात वर्षानुवर्षं गणपतीच्या पायाशी बसलेला उंदीरच काढत आलेला, त्यामुळे याचेही पुढचे पंजे जोडलेले, डोळे मवाळ. बाईंनी बराच वेळ पाहिलं. "सर, याची भीती नाही वाटत," त्या म्हणाल्या. मी म्हटलं, कळेल लोकांना. चार दिवसांनी आम्ही पुन्हा गेलो तर उंदराच्या कपाळावर कुंकू होतं, खाली जास्वंदीचं फूल. समोर एक म्हातारी अनवाणी उभी, घोट्याला चिंधी बांधलेली. "गुरुजी, बेस काढलाय. गणपती जवळच आलं नाय का," ती म्हणाली. बाईंनी तिला रोगाचं समजावलं. "बाप्पाच्या उंदराचा कसला रोग गो बाय," म्हणत ती भाताच्या खाचरात, चिखलात उतरली. त्याच दुपारी मी उंदरावर पांढरा रंग मारला आणि दुसरा काढला, घाणेरडा, मुतणारा. पुढच्या आठवड्यात म्हातारीला तापात महाडला आणलं. ती परत गेली नाही. परवा शेजाऱ्यांच्या मखरासाठी उंदीर काढायला बसलो. पंजे जोडलेलेच आले.