ताटाखालचा निळा ठिपका

द्राक्षाची गोडी मोजायचं एक यंत्र असतं. वीतभर नळी. एका टोकाच्या काचेवर मण्याचा रस टाकायचा, दुसरं टोक डोळ्याला लावायचं आणि उजेडाकडं बघायचं. आत वर निळं, खाली पांढरं दिसतं. दोन्हींच्या मधली रेघ ज्या आकड्यावर असेल तेवढी त्या मण्यात साखर. नारायणगावजवळच्या एका पॅकहाउसमध्ये हे यंत्र माझ्या गळ्यात असायचं. घड साफ करणाऱ्या बायका मला मॅडम म्हणायच्या. त्यातल्या निम्म्या माझ्या आईच्या वयाच्या. मला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू. आमचे आजोबा मेंढरांमागं कोकणात उतरायचे. आबांनी, म्हणजे माझ्या वडलांनी, मेंढरं कमी केली आणि बोरी गावाच्या अलीकडं थोडी शेती धरली. मी बी.एस्सी. झाले. आमच्या घरात माझ्याआधी कॉलेजात कुणी गेलेलं नव्हतं.

त्या हंगामात माझा उजवा डोळा लाल झाला. उजेड सहन होईना.

"मॅडम, डोळा आलाय का कुणी मारलाय?" एकीनं विचारलं आणि सगळी ओळ हसली.

"माझ्याकडं बघू नका, तुम्हालापण येईल," मी म्हणाले. त्यांनी खरंच तोंडं फिरवली. तेव्हा ते गमतीचं वाटलं.

मेडिकलमधून थेंब आणले. लाली गेली. थेंब बंद केले, लाली परत. पुन्हा थेंब. बाटलीवर लिहिलेलं मी वाचलं होतं. त्यात स्टेरॉइड आहे हे मला कळलं होतं, आणि आपल्याला हे वाचता येतं याचंच मला समाधान. असे थेंब वरची आग विझवतात आणि आत जे चाललंय ते झाकून ठेवतात, हे बाटलीवर कुठं लिहिलेलं नव्हतं. घरी आबांनी शेळीचं दूध डोळ्यात घालायला आणलं, तेव्हा मात्र मी त्यांना म्हणाले, "आबा, हे अडाणीपणाचं आहे."

हंगाम संपत आला तशी उजव्या डोळ्याला नळीतली रेघ धुरकट दिसायला लागली. चुलीच्या धुरापलीकडं काही ठेवल्यासारखी. डोळ्यापुढं काळे कण तरंगायचे. मी बायकांकडं पाठ करून नळी डाव्या डोळ्याला लावायला लागले. कुणाच्या लक्षात आलं नाही.

पुण्याच्या डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी डोळ्यात थेंब घालून बाहुली मोठी केली, प्रखर उजेड टाकून बराच वेळ आत बघितलं. डोळ्याच्या मागच्या पडद्याला सूज होती. मग हाताच्या कातडीत तपासणीचं एक इंजेक्शन दिलं, तिथं दोन दिवसांनी टणक गांध आली. रक्त तपासलं, छातीचा फोटो काढला. छाती साफ निघाली. बाकी सगळं जोडून बघून त्या म्हणाल्या, "हा टीबी आहे. डोळ्यातला."

"मला तर खोकला पण नाही," मी म्हणाले. जणू त्यांचं काही चुकलंय आणि मी ते दाखवून देतेय.

त्यांनी समजावून सांगितलं. जंतू श्वासातून छातीत जातात, काही वेळा तिथं काही न करता रक्तातून दुसरीकडं पोचतात. हाडात, गाठीत, कधी डोळ्यात. डोळ्यातल्या टीबीची लागण दुसऱ्याला होत नाही. पण थोडा उशीर झालाय. उजव्या डोळ्याची नजर किती वाचेल ते आत्ता सांगता येणार नाही. गोळ्या बरेच महिने, एकही दिवस चुकवायचा नाही. शिवाय त्यातली एक गोळी अशी की ती क्वचित डोळ्याच्या नसेलाच त्रास देते. "लाल आणि हिरवं वेगळं कळेनासं झालं तर त्याच दिवशी निघून यायचं."

आबा बरोबर आले होते, पण तपासताना बाहेर बसले होते. परतताना एसटीत त्यांनी विचारलं, "काय म्हंल्या डॉक्टरीणबाई?" त्यांचा आवाज माळावरचा. दोन बाकांपर्यंत ऐकू जातो.

"घरी सांगते."

"डोळा जातोय का ऱ्हातोय, येवडं तरी सांग की."

"आबा, घरी सांगते म्हटलं ना." मी खिडकीबाहेर बघत बसले. मी बी.एस्सी. मायक्रोबायोलॉजी. परीक्षेला या जंतूवर मी पानभर उत्तर लिहिलं होतं. आणि भरल्या गाडीत मला त्याचं नाव तोंडातून काढता येईना.

गोळ्या सरकारी. त्या घेऊन आमच्या वस्तीवरचीच आशाताई यायची, नात्यानं माझी वहिनी लागते. ती जपून बोलायची, पण दारात आल्या आल्या "गोळी घेतली का गं?" म्हणायची, आणि शेजारच्या घरातली भांडी घासायची थांबायची. घरातल्या सगळ्यांची तपासणी झाली. भावाच्या दोन वर्षांच्या मुलीचीसुद्धा. सगळे ठीक निघाले. पण माझ्यामुळं त्या एवढ्याशा पोरीला सुई टोचली, ती रडली, आणि रडत रडत माझ्याकडंच आली. मी तिला उचललं नाही.

मग ताटाचं झालं.

आबांची एक पद्धत आहे. मेंढरू आजारी पडलं की त्याच्या पाठीवर निळ्या ऑइलपेंटचा ठिपका द्यायचा. ठिपक्याचं मेंढरू जाळीच्या कुंपणात वेगळं बांधायचं. त्याला पाला आधी, पाणी आधी. त्याला भादरायचं नाही, म्हणजे त्याची लोकर कातरायची नाही. बाजारातही न्यायचं नाही. एका सकाळी मी मांडणीवरून माझं ताट घेतलं तर ताटाच्या बुडाला निळा ठिपका. पेल्याच्या बुडालाही.

"आबा, मी मेंढरू आहे का?"

"म्या कुटं म्हंलं?"

"मग हे काय?"

"तुजं तुला कळावं म्हून."

आई मधे पडली. "आगं, दूधबी तुलाच पयलं देत्यात की ते. अंडं तुलाच."

तेही खरं होतं. मी आवाज चढवून सांगितलं, डोळ्यातला टीबी पसरत नाही, डॉक्टरांनी मला स्पष्ट सांगितलंय. आबा खाली बघत म्हणाले, "डॉक्टरच्या घरात ल्हान लेकरू आसंल तर डॉक्टरबी येवडं करंल."

ठिपका पुसायला रॉकेल लागलं असतं. ते घरात होतं. मी पुसला नाही. आबांवर चिडले ते वेगळं, पण पोरगी मांडीवर आली की मी तोंड बाजूला करून श्वास घेत होते. मला सगळं माहीत होतं आणि माझा त्यावर विश्वास नव्हता. सगळ्यात जास्त लाज मला त्याची वाटायची, आणि ती कुणाला सांगण्यासारखी नव्हती.

सकाळी गोळ्या घेतल्या की आबा दोन टोमॅटो हातात धरून अंगणात उभे राहायचे. एक पिकलेला, एक कच्चा. "हां, सांग. पिकल्यालं कंचं?"

"डावीकडचं."

"उजवा डोळा झाकू नको, डावा झाक!"

मी डावा डोळा झाकायचे. धुरकट दिसायचं, पण लाल ते लालच दिसायचं. "डावीकडचंच."

"बरुबर." मग पिकलेला टोमॅटो ते स्वतः खायचे, कच्चा आईकडं भाजीला. शेजारची एक म्हातारी रोज हे बघायची. एकदा तिनं आईला विचारलं, "पोरीचं डोकं फिरलंय का गं?" आईनं तिला ॲलर्जी आहे म्हणून सांगितलं. तो शब्द मीच आईला शिकवला होता.

पावसाळ्याच्या तोंडावर मेंढरं भादरायला भावकी आली. आमच्यात या कामाला मजुरी नसते. आज तुमची मेंढरं, उद्या आमची, आणि दुपारी जेवण. तळेघराकडून आत्या आणि मामा आले होते. पुरुषांची एक परात ओट्यावर, बायकांची आत दाराशी. एका परातीत सगळ्यांनी हात घालायचा, ही रीत. त्या दिवशी आईनं मला वेगळं वाढलं नाही, हळूच कोपरानं परातीकडं ढकललं. मी बसले. पहिला घास मी परातीच्या कडेचाच घेतला.

आत्याच्या पेल्यात ताक ओतायला मी तांब्या वाकवला. एका डोळ्यानं नीट दिसत नसलं की अंतर फसतं. ताक पेल्याच्या बाहेर, थेट आत्याच्या भाकरीवर.

"आगं ए मॅडम! येवडं शिकली आन् ताक वतता येईना व्हय?" आत्या मोठ्यानं म्हणाली. सगळ्या हसल्या.

ओट्यावरून आबांचा आवाज आला. "तिला बोलू नको. तिच्या डोळ्यात टीबी हाये."

हसणं थांबलं.

मामांनी घास खाली ठेवला. "डोळ्यात? आवो पावणं, डोळा काय खोकतो व्हय?"

पुरुष हसले. आबांना वाटलं, अजून समजावलं पाहिजे. "आवो, त्यो डोळ्यात आडाकलाय. खाली छातीत उतरू नये म्हून गोळ्या चालूत."

इथं मी गप्प बसायला हवं होतं. पण चुकीचं मला ऐकवत नाही. परीक्षेत शेजारच्या मुलीचं चुकलं तरी मला कसंतरी व्हायचं. मी आतून मोठ्यानं म्हणाले, "आबा, तो खाली उतरत नसतो. उलटं आहे. छातीतूनच जातो, रक्तातून वर डोळ्यात."

शब्द न् शब्द बरोबर होता. आत्यानं मात्र त्यातलं छाती एवढंच ऐकलं. तिचा हात परातीतून मागं आला. तिनं तो पदराला पुसला. "माजं झालं गं बाई, प्वाट भरलं." समोर तिची अर्धी भाकरी ताकात भिजत पडली होती.

दुसरीचंही पोट भरलं. आई तेवढी खात राहिली, वर न बघता, मोठे मोठे घास.

मी उठले. मांडणीवरून माझं ताट घेतलं, परत तिथंच येऊन बसले आणि ताटात वाढून घेतलं. रागानं म्हणा. ताट घेताना ते उपडं होतं. दारातून मामांना बूड दिसलं.

"आवो पावणं, ह्यो तर तुमच्या आजारी मेंढराचा ठिपका!"

या वेळी कुणी हसलं नाही. मी आबांकडं बघितलं. त्यांची मान खाली गेली होती, कानापर्यंत लाल झाले होते. त्यांना असं मी कधी पाहिलं नव्हतं. एवढ्या माणसांत, त्यांच्याच ओट्यावर. मला वाटलं होतं मला बरं वाटेल.

मान वर न करता ते म्हणाले, "ठिपक्याचं मेंढरू म्या एक मरू दिलं न्हाई आजवर."

"काय सांगता राव! मागल्या साली ती तांबडी मेली की!"

"ती तुमी मरायला आली तवा आणून दिल्याली!"

मग ओट्यावर तांबड्या मेंढीवरून भांडण लागलं आणि जेवण कसंबसं पार पडलं. जाताना आत्यानं माझ्या डोक्यावरून हात फिरवला, लांबून, हात ताणून.

गोळ्या मी एकही दिवस चुकवल्या नाहीत. मधे डोळ्यातली सूज वाढली, पोटातूनही स्टेरॉइड घ्यावं लागलं, तोंड भाकरीसारखं फुगलं. हळूहळू धूर विरळ झाला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, डोळा वाचला, पण पडद्यावर एक व्रण राहील. आता उजव्या डोळ्यानं बघितलं की नळीतली रेघ दिसते, फक्त मधे एका जागी ती तुटते. काम मी डाव्यानं करते. नव्या हंगामात बायकांनी विचारलं, "मॅडम, काय झालं व्हतं वो डोळ्याला?" मी म्हणाले, "ॲलर्जी." आबांनी सगळ्या भावकीत एका दमात सांगितलेलं मला सहा बायकांत सांगता आलं नाही. अजूनही सांगितलेलं नाही.

गोळ्या संपल्या त्या दिवशी आबा स्वतः रॉकेलचं फडकं घेऊन ओट्यावर बसले. पेल्याचा ठिपका निघाला. ताटाचा पुरता निघाला नाही, फिकट निळं राहिलं. भावाच्या मुलीला आता तेच ताट लागतं. जेवण झालं की ती ते उलटं करून निळं शोधते, मग मला दाखवते. ती त्यात जेवायला बसली की माझा हात अजून पुढं जातो, ताट काढून घ्यायला. आबा ओट्यावरून बघत असतात. मग मी हात मागं घेते आणि तिला भाकरी कुस्करून देते.